हात राखून काम करणारी टीम जीव लावून कधी काम करायला लागते: सुपरवायझर आणि नव्या मॅनेजरसाठी सविस्तर मार्गदर्शन

भोसरी-चाकण पट्ट्यात मशीन शॉपमध्ये चौदा वर्षं काढलीत मी. डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागलो, मग शिफ्ट इंजिनिअर झालो, आता प्रॉडक्शन बघतो, आणि या सगळ्या काळात ज्युनिअर लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न मशीनबद्दलचा नाहीये. तो असा असतो, "सर, पोरं टार्गेट देतात हो, पण त्याच्या पलीकडं इकडची काडी तिकडं करत नाहीत, काय करू?" मी पण हा प्रश्न कधीतरी माझ्या सिनिअरना विचारला होता आणि मला उत्तर मिळालं होतं की कडक राहा. ते उत्तर चुकीचं होतं आणि ते चुकीचं आहे हे कळायला माझी काही वर्षं गेली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. उदाहरणं माझ्या शॉप फ्लोअरची आहेत पण बँकेची शाखा, हॉस्पिटलचा वॉर्ड, शाळा, आयटीतली टीम, कुठंही लावून बघा.

आधी हे "जास्तीचं काम" म्हणजे नक्की काय

ओव्हरटाइम म्हणजे जास्तीचं काम असं डोक्यात असेल तर ते आधी काढा. ओव्हरटाइमचे पैसे मिळतात, ते कामच झालं. मी बोलतोय ते वेगळं आहे. शिफ्ट सुटताना पुढच्या माणसाला "टिप संपत आलीय, अजून वीस-पंचवीस जॉब निघतील" असं सांगून जाणं (टिप म्हणजे धातू कापणारं छोटं पातं, जॉब म्हणजे मशीनवर बनणारा नग), आयटीआयमधून नवीन आलेल्या पोराला जेवणाच्या सुट्टीत ऑफसेट (टिप झिजली की मशीनला द्यायची मापातली दुरुस्ती) कसा द्यायचा ते दाखवणं, दुसऱ्याच्या मशीनखाली तेल सांडलेलं दिसलं तर कोणी घसरायच्या आधी त्यावर भुसा टाकणं. यातलं काहीच अपॉइंटमेंट लेटरमध्ये नसतं. आणि कोणी हे केलं नाही तर तुम्ही त्याला मेमो पण देऊ शकत नाही, कारण त्यानं चूक काहीच केलेली नसते.

याची खरी किंमत बघायची असेल तर "नियमानुसार काम" आंदोलन आठवा. संप नाही, कोणी घरी बसत नाही, फक्त प्रत्येक जण कागदावर लिहिलंय तेवढंच आणि तसंच करतो, आणि बघता बघता सगळा कारभार रखडतो. म्हणजे रोज जे चालतं ते नियमांच्या पलीकडं लोक जे करतात त्याच्यावर चालतं.

अभ्यासकांनी यावर बरंच काम केलंय. न्यू जर्सी बेल टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलं होतं की संस्था उभी राहते ती माणसांच्या सहकार्य करायच्या तयारीवर. पुढं इंडियाना विद्यापीठातले डेनिस ऑर्गन यांनी १९८८ मध्ये याची पाच रूपं मांडली, आपल्या भाषेत सांगायचं तर अडलेल्याला हात देणं, कोणी बघत नसतानाही चोख राहणं, छोट्या गैरसोयी कुरकुर न करता पचवणं, आपल्यामुळं दुसऱ्याचं अडू नये म्हणून आधीच सांगून ठेवणं, आणि कंपनीच्या बऱ्यावाईटात लक्ष घालणं. या पाचव्या रूपाकडं माझं म्हणणं आहे की जास्त लक्ष द्या, कारण ते दिसायला तक्रारीसारखं दिसतं. मीटिंगमध्ये उठून "साहेब, हे फिक्स्चर चुकीचं बनवलंय, जॉब उडेल" म्हणणारा माणूस आपल्याला डोकेदुखी वाटतो, पण तो तोंड उघडतोय म्हणजे त्याला अजून पर्वा आहे. गप्प बसलेल्याची काळजी करा.

याचं टोकाचं उदाहरण घ्या. २६/११ च्या रात्री सीएसटी स्टेशनवर अनाउन्सर विष्णू झेंडे केबिनमध्येच थांबून माइकवरून प्रवाशांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगत राहिले. कामा हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना सुरक्षित खोलीत हलवलं. ताजमध्ये कर्मचारी पाहुण्यांना बाहेर काढायला मागं थांबले आणि त्यातले काही परत आले नाहीत. ताजबद्दल नंतर जो अभ्यास झाला त्यात दोन गोष्टी ठळकपणे आल्या, एक म्हणजे तिथली भरती शक्यतो लहान गावांतून आणि स्वभाव बघून व्हायची, आणि दुसरं म्हणजे समोरच्या पाहुण्यासाठी वरच्याला न विचारता निर्णय घ्यायची मुभा अगदी खालच्या माणसाला होती. म्हणजे त्या रात्रीचं वागणं कित्येक वर्षं आधी रुजत आलं होतं. आपल्या शॉपमध्ये असला प्रसंग येऊ नये, पण रोजचं छोटं जास्तीचं काम पण असंच आधीपासून रुजवावं लागतं.

पायरी १: आठवडाभर फक्त बघा आणि वहीत लिहा

एक छोटी वही घ्या, खिशात मावेल अशी. रोज शिफ्ट संपताना दोन-तीन ओळी, आज कोणी न सांगता काय केलं. कोणी काय केलं नाही ते अजिबात लिहायचं नाही, त्याच्यासाठी रजिस्टरं भरपूर आहेत. आणि हे कोणाला सांगू पण नका, सांगितलं की लोक तुमच्यासमोर करायला लागतात.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिसऱ्या दिवशी मला दिसलं की आमचा एक हेल्पर चहाच्या सुट्टीच्या आधी तीन मशीनच्या चिपच्या (कापताना निघणाऱ्या धातूच्या किसाच्या) ट्रॉल्या रिकाम्या करून ठेवतो, त्याच्याकडं फक्त एकच मशीन होतं. वर्षभर मी समजत होतो हाउसकीपिंगवाले करतात. वर्षभरात त्या माणसाशी माझं बोलणं म्हणजे "ए, तो पॅलेट हलव" एवढंच झालं होतं, नाव पण मला नीट माहिती नव्हतं.

वहीत अजून एक गोष्ट लिहा, ती सगळ्यात महत्त्वाची. कोण आधी करायचा आणि आता करत नाही. माणूस आळशी झाला असं लगेच म्हणू नका, काम तर तो तेवढंच करतोय. काहीतरी झालेलं असतं, आणि माझ्या अनुभवात बऱ्याचदा ते काहीतरी आपणच केलेलं असतं.

पायरी २: फ्लोअरवर जायच्या आधी स्वतःला तपासा

सकाळी आठ वीसला कस्टमरचा फोन येतो, लाइन थांबेल, गाडी कुठं आहे, तुम्हाला जमत नसेल तर सांगा. फोन ठेवून तुम्ही फ्लोअरवर जाता आणि पहिला जो दिसेल त्याच्या अंगावर जाता, टोपी का नाही घातली, चिप का साठलीय. वड्याचं तेल वांग्यावर. त्या माणसाला कस्टमरचा फोन माहितीच नसतो, त्याला एवढंच कळतं की साहेब सकाळी सकाळी विनाकारण बोलले. आणि तुमचा मूड त्याच्यापुरता राहत नाही, दहा मिनिटांत पूर्ण लाइनवर पोचतो, एकमेकांना डोळ्यांनीच सांगतात, आज जवळ जाऊ नको.

यावर मला उपयोगी पडलेली गोष्ट फार साधी आहे. फ्लोअरच्या दारात वॉटर कूलर आहे, तिथं थांबायचं, ग्लासभर पाणी प्यायचं आणि आत्ता मला काय होतंय ते एका शब्दात स्वतःला सांगायचं. "टेन्शन" हा शब्द चालणार नाही, त्यात सगळंच येतं आणि काहीच कळत नाही. धास्ती आहे का, अपमान झालाय, चिडचिड, हिरमोड, की नुसता थकवा? आपल्या भाषेत याच्यासाठी एवढे नेमके शब्द आहेत, ते वापरा. मला जिथं राग आलाय असं वाटायचं तिथं नीट बघितलं की बहुतेक वेळा खाली भीती निघायची, गाडी गेली नाही तर माझं काय होईल ही. आणि एकदा भीती आहे हे कळलं की ती सरळ सांगता येते, "कस्टमरचा फोन होता, दोनपर्यंत चारशे जॉब पाहिजेत, मला जरा धास्ती वाटतेय, तुम्हाला काय वाटतं कसं काढता येतील?" असं बोलल्यानं मान कमी होत नाही, मी करून बघितलंय.

इमोशनल इंटेलिजन्स म्हणतात ते हेच. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळं ती सगळीकडं पोचली. सॅलोव्ही आणि मेयर यांनीच १९९७ मध्ये ती चार कौशल्यांत मांडली, भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती का आली आणि कुठं जाणार हे समजणं, आणि ती सांभाळणं. ट्रेनिंगमध्ये मात्र याचा अर्थ गोड बोलणं असा करून टाकलाय, त्यामुळं कामगार वैतागतो, त्याला कळतं की साहेब परवा ट्रेनिंगला जाऊन आलेत. गोड नाही बोललात तरी चालेल. खरं बोला आणि योग्य माणसाशी बोला.

पायरी ३: समोरच्याचं वाचायला शिका

"त्याचा मूड नाही" हे वाचन झालं नाही. एखादा धुमसतोय, एखादा हिरमुसलाय, एखादा सगळ्यांसमोर बोलल्यामुळं कानकोंडा झालाय, एखादा नुसता कावलाय, आणि एखाद्याच्या मनातून तुम्ही पार उतरलाय. प्रत्येकाला वेगळं वागवावं लागतं. कावलेल्याला अर्धा तास एकटं सोडलं तरी पुरतं, पण हिरमुसलेल्याला एकटं सोडलं तर तो अजून आत जातो. धुमसणाऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, मध्ये न बोलता.

विचारायचं कसं? "काय झालं?" विचारलं की "काही नाही साहेब" हेच उत्तर येणार, पंचवीस वर्षांच्या पोरापासून पन्नाशीच्या माणसापर्यंत. त्यापेक्षा जे दिसलंय ते सांगा आणि गप्प बसा. "तीन दिवस झाले, चहाला तुम्ही एकटेच बसताय." बस. पुढचं तो बोलेल किंवा नाही बोलणार, दोन्ही चालेल. मशीन चालू असताना विचारायचं नाही, केबिनमध्ये बोलावून तर अजिबात नाही, केबिनमध्ये बोलावलं की पूर्ण लाइनला वाटतं याचं काहीतरी निघालं. गेटबाहेरची टपरी सगळ्यात बरी.

माझ्याकडं एक तरुण ऑपरेटर होता, दुपारी दोननंतर सारखं घड्याळ बघायचा, मला वाटायचं कामात लक्ष नाही. टपरीवर कळलं की वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा तो शिफ्ट सुटली की थेट हॉस्पिटलला पळतो. आधीच्या सुपरवायझरनं त्याला सांगितलं होतं, घरचं घरी ठेवायचं, म्हणून तो बोलला नव्हता. आम्ही त्या दोन दिवसांपुरती अदलाबदल करून त्याला एका तासानं लवकर सोडायची सोय केली. तो ओव्हरटाइमला तेव्हाही थांबला नाही आणि नंतरही कधी थांबला नाही, ते त्याला शक्यच नव्हतं. पण नवीन पोरांना शिकवायला तो न सांगता पुढं यायला लागला. मी हे मुद्दाम सांगतोय कारण आपण केलेलं आपल्याला हव्या त्याच रूपात परत येईल असं धरून चालू नका.

पायरी ४: वाटपाचा हिशोब सगळ्यांसमोर ठेवा

ही पायरी गाळून बाकी सगळं केलं तर काही उपयोग नाही. रविवारचा ओव्हरटाइम कोणाला मिळतो, चांगलं मशीन कोणाला, नाइट कोणाला जास्त लागतात, सुट्टी कोणाची मंजूर होते, हे लोकांच्या डोक्यात पक्कं नोंदलेलं असतं. तुम्ही कितीही आपुलकीनं बोललात आणि ओव्हरटाइम सारखा त्याच तिघांना दिलात तर बाकीचे हात राखूनच काम करणार, आणि त्यांचं बरोबर आहे.

ओव्हरटाइमची यादी बोर्डवर लावा, कोणाचे महिन्यात किती तास झाले ते सगळ्यांना दिसू दे. दुप्पट दर हा कायद्यानं त्यांचा हक्क आहे, तो देताना उपकार केल्यासारखा चेहरा करू नका, आणि "जरा थांब ना" म्हणून फुकट थांबवू नका. सुट्ट्यांचं वर्षाचं कॅलेंडर जानेवारीतच सगळ्यांना बसवून भरा. कोकणातल्या पोरांना गणपतीला रोखता येत नाही हे आपल्याला माहितीच आहे, आषाढीला वारीला जाणारे ठरलेले असतात, बिहार-यूपीच्या मुलांना छठ महत्त्वाचा, कोणाच्या गावची जत्रा चैत्रात असते. हे आधी समोर ठेवलं की लोक आपापसात मिटवतात, "तू गणपतीला जा, मी जत्रेला जातो", आणि तुम्हाला नाही म्हणायची वेळ फारशी येत नाही.

आणि वाईट बातमी द्यायची असेल तर कारण नीट सांगा. जेरल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० चा अभ्यास मला नेहमी आठवतो. अमेरिकेत एका कंपनीला काम कमी झाल्यामुळं दहा आठवडे पगार १५ टक्के कापावा लागला. एका प्लांटमध्ये वरिष्ठांनी कारण व्यवस्थित सांगितलं, प्रश्नांना उत्तरं दिली, वाईट वाटतंय हे बोलून दाखवलं, दुसऱ्या प्लांटमध्ये घाईत मोजकं सांगून उरकलं. चोऱ्या दोन्हीकडं वाढल्या, पण जिथं नीट सांगितलं तिथं बऱ्याच कमी वाढल्या. कापलेला पगार सारखाच होता. मला यातनं एवढं कळलं की वाईट निर्णय घेण्यापेक्षा तो कसाबसा उरकणं लोकांना जास्त लागतं. एचआरनं नोटीस लावलीय म्हणून तुमचं काम संपत नाही, तुम्ही लाइनवर उभं राहून सांगा.

पायरी ५: चूक झाली की तुम्ही काय करता, तिथं सगळं ठरतं

वहीची सवय मला जिथून लागली ती गोष्ट सांगतो.

आमच्याकडं नाइटला एक काका होते, पन्नाशी ओलांडलेले. ते रोज सकाळी जाताना खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा मॅग्नेटनं मशीनच्या दरवाज्याला लावून जायचे, मार्करनं लिहिलेलं असायचं, "टिप नवीन ४.४० ला. ऑफसेट दिलाय. चक प्रेशर बघ." सकाळचा सेटर ते वाचूनच चालू करायचा. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मी त्यासाठी त्यांना कधी एक शब्द बोललो नव्हतो.

एका सकाळी २६ जॉब रिजेक्ट निघाले, सगळ्यांचा बोअर (आतलं भोक) मोठा. सात दहाला, दोन्ही शिफ्टची माणसं उभी असताना, मी काकांना मोठ्यानं म्हणालो, "एवढी वर्षं काम करताय आणि बोअर बघता येत नाही?" काका काही बोलले नाहीत. चिंधीनं हात पुसले, बोटं एक एक करून पुसली, चिंधी घडी करून मशीनवर ठेवली आणि डबा घेऊन गेले.

दुपारी क्वालिटीवाल्यांनी बोअर गेज (भोक मोजायचं साधन) मास्टर रिंगवर (पक्क्या मापाच्या कड्यावर) लावून बघितला तर तो तीस मायक्रॉन कमी दाखवत होता. आदल्या संध्याकाळी सेकंड शिफ्टमध्ये तो हातातून पडला होता. आणि पडल्याचं त्या पोरानं मला तेव्हाच फोन करून सांगितलं होतं, मी म्हणालो होतो, "बघू सकाळी." म्हणजे ज्यानं सांगायचं त्यानं सांगितलं होतं, ज्यानं मोजायचं त्यानं मोजलं होतं, आणि मध्ये मी बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून पुठ्ठा बंद. काकांचं प्रॉडक्शन पूर्ण, रजिस्टर नीट, बोट ठेवायला जागा नाही. पण सकाळचं सेटिंग रोज अर्धा तास लांबायला लागलं आणि का लांबतंय हे माझ्या लक्षात यायला आठ-दहा दिवस गेले, तोवर मी सेटरलाच बोलत होतो.

मग मी माफी मागितली. कशी मागायची ते सांगतो कारण इथं बरेच जण चुकतात. जिथं बोललात तिथंच, ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच. बाजूला घेऊन "काका, त्या दिवशी जरा जास्त बोललो" हे चालत नाही, अपमान चारचौघांत झालाय. काय चुकलं ते नेमकं सांगायचं, आणि "पण" हा शब्द वापरायचा नाही. मी सात दहाला तिथंच उभा राहून म्हणालो, "पंधरा दिवसांपूर्वी मी इथं काकांना बोललो. चूक गेजची होती, आणि गेज पडलाय हे मला आदल्या दिवशी कळलं होतं, मी बघितलं नाही. काका, माझं चुकलं." काका म्हणाले, "असू दे साहेब," आणि डबा घेऊन निघाले. त्या दिवशी पुठ्ठा आला नाही. त्या आठवड्यात पण नाही. तीन आठवड्यांनी एका सकाळी दिसला, त्यावर एवढंच होतं, "टिप २ ला बदलली". मी लगेच धावत जाऊन आभार मानले नाहीत. सेटरला म्हणालो, काका भेटले तर सांग आज वीस मिनिटं वाचली.

माफीबरोबर एक काम पण करा. आम्ही गेजच्या कपाटाजवळ लाल डबा ठेवला, पडलेला गेज त्यात टाकायचा, कोणी पाडला ते विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात डब्यात गेज वाढले आणि वरून मला विचारणा झाली की एवढे गेज कसे पडायला लागले. पडत आधीपासूनच होते, आता फक्त कळत होते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये हेच दिसलं होतं, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त निघत होती, कारण तिथल्या नर्सना चूक सांगायची भीती नव्हती. त्यामुळं सुरुवातीला तुमचे आकडे बिघडले तर वरच्याला आधीच सांगून ठेवा की असं होणार आहे.

पायरी ६: मागताना "नाही" म्हणायची जागा ठेवा

"आज थांबशील ना?" हा प्रश्न नाहीये, ती ऑर्डर आहे. त्याऐवजी असं बोला, "एक गाडी अडकलीय, दोन माणसं पाहिजेत, ओव्हरटाइम लागेल, जमत नसेल तर स्पष्ट सांग, मी दुसरीकडं बघतो." आणि तो नाही म्हणाला तर खरंच दुसरीकडं बघा, चेहरा पाडू नका, दुसऱ्या दिवशी टोमणा मारू नका. लोक तुमचं पहिलं "नाही" कसं घेतलंत ते बघून पुढचं ठरवतात.

पायरी ७: आभार मानताना नेमकं काय केलं ते बोला

"वेल डन टीम" व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून काही होत नाही. "तू काल प्रेशर ड्रॉप सांगितलास म्हणून आज मशीन बंद पडलं नाही," हे चालतं. लगेच, दोन वाक्यांत. काही माणसांना सगळ्यांसमोर कौतुक आवडतं, काही जण अवघडतात, ते तिसऱ्या पायरीतून तुम्हाला कळायला पाहिजे.

प्रत्येक गोष्टीला पैसे लावू नका हे माझं ठाम मत आहे. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, २००० मध्ये तो छापून आला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले, जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढून टाकल्यावरही कमी झाले नाहीत. आधी बाईंना ताटकळत ठेवायचं वाईट वाटायचं, दंड आल्यावर तो नुसता व्यवहार झाला. शॉपवर पण तेच होतं, मदत केली की पन्नास रुपये असं ठेवलंत तर पन्नास रुपये नसतील त्या दिवशी मदत नाही.

त्यापेक्षा त्यांचं काम कुठं जातं ते दाखवा. मिशिगन विद्यापीठाच्या कॉल सेंटरमध्ये देणग्या गोळा करणाऱ्या मुलांना ॲडम ग्रँट यांनी काही मिनिटं फक्त एका अशा विद्यार्थ्याला भेटवलं ज्याला त्या पैशातून स्कॉलरशिप मिळाली होती. महिन्याभरानं त्या मुलांचा फोनवरचा वेळ आणि जमा होणारे पैसे, दोन्ही दुपटीच्या वर गेले. आम्ही सहा ऑपरेटरना कस्टमरच्या असेंब्ली लाइनवर घेऊन गेलो होतो. बारा वर्षं ब्रेकचा पार्ट बनवणाऱ्या एका माणसानं तो गाडीत बसताना तिथं पहिल्यांदा बघितला, परत येताना बसमध्ये तो गप्प होता, आणि दुसऱ्या दिवशी बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची खरखरीत धार) काढायला नवीन पोराच्या शेजारी उभा राहून सांगत होता, इथं बर राहिली तर काय होईल ते.

पायरी ८: जास्तीच्या कामाची वेठ होऊ देऊ नका

हे मी सगळ्यात तळमळीनं सांगतोय. एकदा लोक आपणहून करायला लागले की मॅनेजरला त्याची चटक लागते. मग जास्तीचं होतं ते रोजचं होतं, आणि जो करत नाही तो कामचुकार ठरतो. हैफाचेच संशोधक एरान विगोडा-गादोत यांनी २००६ मध्ये याला सक्तीचं नागरिकत्व अशा अर्थाचं नाव दिलं (आपणहून केलेल्या जास्तीच्या कामाला अभ्यासक संस्थेतलं नागरिकत्व म्हणतात), आपल्याकडं याला जुना शब्द आहे, वेठ. तणाव वाढतो, चांगली माणसं सोडून जायचा विचार करायला लागतात आणि राहिलेले पाट्या टाकतात.

तीन ठिकाणी खास लक्ष ठेवा. एक, कॉन्ट्रॅक्टवरची मुलं. त्यांना "नाही" म्हणता येत नाही कारण उद्या गेटवर पास बंद होऊ शकतो, त्यामुळं त्यांचा "हो" हा तयारीचा "हो" धरूच नका. दुसरं, ऑफिसमधल्या बायका. वाढदिवसाचा केक, वर्गणी, पाहुण्यांचा चहा, मीटिंगचे मिनिट्स, हे सगळं न बोलता त्यांच्याकडंच जातं आणि अप्रेझलला कोणाला आठवत नाही. पाळी लावा, पुरुषांची नावं पण टाका. तिसरं, तुमचा सगळ्यात भला माणूस. जो कधी नाही म्हणत नाही त्याच्यावर सगळे टाकतात. त्याच्या वतीनं तुम्ही नाही म्हणा, "यानं गेल्या महिन्यात दोनदा केलंय, दुसरा बघा."

पायरी ९: फरक पडतोय का ते कसं ओळखायचं

याचे मार्क देऊ नका, अप्रेझलच्या फॉर्ममध्ये कॉलम काढू नका. कॉलम काढलात की लोक तुम्ही राउंडला आलात की मदत करायला लागतील. मार्क बोलिनो यांनी १९९९ मध्येच हा मुद्दा काढला होता की चांगला वागणारा आणि चांगलं दिसायला धडपडणारा, दोघं वरून सारखेच दिसतात. तुमची वही काढा आणि तीन महिन्यांपूर्वीचं पान बघा. शिफ्ट बदलताना माणसं एकमेकांशी बोलतायत का? वाईट बातमी तुमच्यापर्यंत आधी फोननं येते की नंतर रिपोर्टनं? मीटिंगमध्ये तुमच्या बोलण्याला कोणी आडवं बोलतं का? माझ्या अंदाजानं तीन-चार महिने तरी धरा, आणि आधीच्या माणसानं खूप दुखावलं असेल तर वर्ष.

पायरी १०: तुमची बदली झाली तर

मशीनचा हँडओव्हर आपण चार-चार पानांचा देतो, माणसांचा एका वाक्यात, "टीम चांगली आहे." नवीन सुपरवायझरला अर्धा तास बसवा. वही देऊ नका, ती तुमची आहे, आणि कोणी विश्वासानं सांगितलेलं घरचं पण त्या माणसाला न विचारता सांगू नका. पण ओव्हरटाइमची यादी बोर्डवर का लागते, लाल डबा कशासाठी आहे, गणपतीला कोणाकोणाला शब्द दिलाय, ट्रॉल्या कोण रिकाम्या करतो, हे सांगून जा. आणि नाइटच्या मशीनच्या दरवाज्याला पुठ्ठा लावलेला दिसला तर तो कचरा समजून काढायचा नाही, वाचायचा, हे पण.